आरोग्य केंद्रातले संशोधन : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागातून आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात किंवा गावात काम करणाऱ्या माणसांना संशोधन करता येते का, आणि येत असेल तर ते होत का नाही, असे त्यांनी विचारले आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रे लांब असल्यामुळे प्रश्न थोडक्यात मांडले आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत. खानापूर तालुक्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून माझी अकरा वर्षे गेली, त्यामुळे यातील अनेक अडचणी मी जवळून पाहिल्या आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. सकाळी रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण, दुपारी गृहभेटी आणि संध्याकाळी मोबाईलवर नोंदी भरणे, असा दिवस जातो. पावसाळ्यात जंगलातल्या एखाद्या वस्तीवर जाऊन परत येण्यातच दिवस संपतो. आमच्या डॉक्टरांनी एखादा छोटा अभ्यास करा असे सुचवले आहे. संशोधन हे मेडिकल कॉलेजचे काम नाही का? आणि त्यासाठी वेळ कोठून आणायचा?

उत्तर : संशोधन हे फक्त मेडिकल कॉलेजचे काम आहे, ही समजूत निदान आपल्या जिल्ह्यात तरी टिकू नये, कारण तिच्याविरुद्धचा पुरावा आपल्याच जिल्ह्यातून जगापुढे गेलेला आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक अभ्यास झाला. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव तोंडाने घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी टाळता येतो का, असा त्याचा प्रश्न होता. १६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना ६०० मायक्रोग्रॅम औषध आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. कोणाला काय मिळाले हे घेणारीला ठाऊक नव्हते आणि देणारीलाही नव्हते. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

या अभ्यासातील बाळंतपणे २५ एएनएम सिस्टरांनी, म्हणजे बाळंतपणाचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी, घरी आणि उपकेंद्रात केली होती. गोळ्या त्यांनीच दिल्या आणि रक्तही त्यांनीच मोजले. मोजण्यासाठी बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायची प्लास्टिकची चादर होती, तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी पिशवी होती आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा होत्या. तोपर्यंत आपण सगळेच भिजलेल्या कापडांकडे पाहून ‘फार गेले’ किंवा ‘बेताचे गेले’ असा अंदाज करत होतो, आणि असा अंदाज बहुधा कमीच निघतो. खुणा असलेली पिशवी हातात आल्यावर उपकेंद्रातील सिस्टरने घेतलेला आकडा जगातल्या कोणत्याही इस्पितळातील आकड्याच्या शेजारी ठेवता येऊ लागला. या अभ्यासामागे बेळगावचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज होते, परदेशी विद्यापीठांचे साहाय्य आणि निधी होता, हे खरे आहे. तुमच्यामागे तसे पाठबळ असेलच असे नाही. परंतु हा प्रश्न बाळंतपण करणाऱ्या हातांच्या रोजच्या कामातला होता, आणि त्यामुळेच त्या हातांना तो पेलला.

आता वेळेविषयी. वेळ नसणे ही सबब आहे असे म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. डोंगराळ भागात ३,००० आणि सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, हे कागदावरचे प्रमाण आहे. रिकाम्या जागा आणि शेजारच्या उपकेंद्राचा अतिरिक्त भार धरला की प्रत्यक्षातला भार वेगळाच निघतो. ‘कामातून वेळ काढून करा’ असे सांगितलेले संशोधन रात्री घरी होते आणि दोन महिन्यांत थांबते, हे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणून अभ्यास सुचवणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही पहिली विनंती ही करा, की आठवड्यातले दोन तास कामाच्या वेळापत्रकात लेखी दाखवावेत आणि त्या वेळी बाह्यरुग्ण कोण पाहील त्याचे नाव समोर लिहावे. वरिष्ठांना हे मान्य नसेल, तर तूर्त अभ्यास हाती न घेणेच बरे.

वेळेहून मोठी अडचण मला दुसरीच वाटते. तुम्ही दिवसभर ज्या नोंदी करता त्या तालुक्याला, तेथून जिल्ह्याला आणि तेथून बेंगळुरूला जातात. खाली परत येते ती ‘अमुक रकाना अपुरा आहे’ एवढीच सूचना. आपण लिहिलेल्या आकड्यातून काय निघाले हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नसेल, तर त्या आकड्याविषयी त्याला आस्था उरत नाही, आणि आस्था नसलेला आकडा चुकीचाही असतो. माझ्याच केंद्रातील रक्तदाबाच्या वहीत एका पानावर ‘१२०/८०’ हा आकडा ओळीमागून ओळ खाली उतरलेला मी पाहिला आहे. ज्या सिस्टरने तो लिहिला होता ती आळशी नव्हती; तिला त्या आकड्यांचा उपयोग होताना कोणी कधी दाखवलेच नव्हते.

तुमचा पहिला अभ्यास येथूनच सुरू होऊ शकतो. वहीतल्या शेवटच्या शंभर नोंदी घ्या आणि वरच्या रक्तदाबाचा शेवटचा अंक कोणता आहे ते मोजा. काट्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे शेवटी ०, २, ४, ६ किंवा ८ यांपैकी काहीही येऊ शकते आणि शंभरातल्या साधारण वीस नोंदी शून्यावर संपायला हव्यात. डिजिटल यंत्रावर साधारण दहा. त्याऐवजी सत्तर-ऐंशी नोंदी शून्यावर संपत असतील, तर आपण यंत्र वाचत नसून अंदाजाने आकडा लिहीत आहोत. ज्या माणसाची गोळी १३८ की १४० यावर ठरते, त्याच्यासाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. कारण शोधा : खुर्ची नाही, घाई आहे, की पट्टा सैल आहे? ते दुरुस्त करून दोन महिन्यांनी पुन्हा शंभर नोंदी मोजा. यासाठी नवा अर्ज, नवे ॲप किंवा नवा निधी लागत नाही.

काही प्रश्न तर असे असतात की ते गावात राहणाऱ्यालाच सुटतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या एका दरीतील खेड्यांत विल्यम पिकल्स नावाचे डॉक्टर होते. कावीळ झालेली एक मुलगी त्यांनी सकाळी अंथरुणात पाहिली होती आणि संध्याकाळी तीच त्यांना गावच्या उत्सवात दिसली. त्या उत्सवात तिला कोण कोण भेटले आणि त्यांतील कोणाला किती दिवसांनी कावीळ झाली याचा माग काढत त्यांनी काविळीची लागण आणि लक्षणे यांमधला सुमारे चार आठवड्यांचा काळ निश्चित केला. शहरातल्या इस्पितळात बसून हे साधले नसते, कारण तेथे रुग्ण दिसतो पण तो कोणाच्या घरी जेवला हे दिसत नाही. आपल्याकडे जत्रेनंतर महिन्याभरात कावीळ निघाली, तर कोणत्या घरी पाहुणे उतरले होते आणि पाणी कोणत्या विहिरीचे होते हे तुम्हाला आणि तुमच्या आशाताईंना जितके ठाऊक असते तितके जिल्ह्याच्या ठिकाणी कोणालाही नसते.

प्रश्न : मी निपाणी भागात आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. विड्या वळणाऱ्या बायकांची बाळे कमी वजनाची होतात का, हे मला पाहायचे आहे. पण आमच्याकडे नोंद झालेल्या कितीतरी जणी बाळंतपणाला माहेरी जातात आणि माहेर कागल, गडहिंग्लज किंवा चंदगडकडे, म्हणजे महाराष्ट्रात असते. त्या वगळून हिशेब केला तर चालेल का?

उत्तर : तुमचा प्रश्न मला अतिशय आवडला, कारण त्यात सीमाभागातल्या संशोधनाची खरी मेख आहे. वगळून चालणार नाही. का ते एका कल्पित उदाहरणाने सांगते.

समजा, ६० गर्भवतींची नोंद झाली, १८ माहेरी गेल्या आणि ४२ तुमच्याकडे बाळंत झाल्या. त्या ४२ बाळांपैकी ६ बाळे अडीच किलोहून कमी वजनाची निघाली, तर प्रमाण १४ टक्के येते आणि आपण तसे लिहून मोकळे होतो. परंतु माहेरी गेलेल्या १८ जणींची सगळी बाळे चांगल्या वजनाची असतील तर खरे प्रमाण १० टक्के होते, आणि सगळीच कमी वजनाची असतील तर ४० टक्के होते. आपल्याला ठाऊक नसलेली १८ बाळे उत्तर इतके हलवू शकतात. शिवाय माहेरी कोण जाते? आपल्या रीतीप्रमाणे मुख्यतः पहिलटकरीण जाते, आणि पहिली बाळे सरासरीने पुढच्या बाळांपेक्षा वजनाने थोडी कमीच असतात. म्हणजे निसटणाऱ्या बायका मागे राहणाऱ्यांसारख्या नाहीत. त्या वगळल्या तर उत्तर एका बाजूला कलते, आणि कितीही मोठा नमुना घेतला तरी तो कल जात नाही.

उपाय कष्टाचा असला तरी आवाक्यातला आहे. सातव्या महिन्यात तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकातील गर्भवतीच्या नोंदीच्या कार्डावर, नोंद करताना माहेरचे गाव, तालुका आणि आईचा किंवा भावाचा फोन लिहून घ्या; सुनेचा फोन बहुधा नवऱ्याकडे असतो, त्यामुळे तो एकटा पुरत नाही. माता-बाल आरोग्याच्या नोंदीचा आरसीएच क्रमांक कार्डाबरोबर तुमच्या वहीतही उतरून घ्या, कारण ती पद्धत दोन्ही राज्यांत एकच आहे. अपेक्षित तारखेनंतर पंधरवड्याने फोन करून वजन विचारा, मात्र ‘किती भरले’ एवढे न विचारता ‘कार्डावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवा’ असे सांगा. इतके करूनही काही जणी सापडणार नाहीत. त्या किती होत्या हे अभ्यासात स्पष्ट लिहा, म्हणजे तुमचा अभ्यास प्रामाणिक ठरेल.

आणखी दोन गोष्टी सुचवते. वजनकाटा तपासून घ्या. बाळांची वजने वहीत नेमकी ‘२.५’वर गर्दी करतात, हे जगभर आढळलेले आहे, आणि कमी वजनाची रेघ नेमकी तेथेच असल्यामुळे तुमचा सगळा निष्कर्ष त्या गर्दीवर अवलंबून राहील. दुसरे, ‘विडी वळते का? हो किंवा नाही’ असे विचारू नका. दिवसाला किती हजार विड्या, कोणत्या महिन्यापर्यंत, घरात की कारखान्यात आणि तंबाखूची टोपली ठेवतात त्या खोलीत झोपतात का, असे विचारा. निपाणीत राहणाऱ्या तुम्हाला हे प्रश्न सहज सुचतील. बाहेरून आलेल्या संशोधकाला ते शिकवावे लागतील.

अभ्यासात किमान ३८४ जणी घ्या, असा नमुन्याचा आकडा कोणी सांगितला तर बिचकू नका. एखादे प्रमाण ५० टक्के धरून पाच टक्क्यांच्या आसपासच्या अचूकतेने मोजायचे असेल तर तो आकडा येतो, आणि प्रबंधांत तो सरसकट वापरला जातो. तुमचा प्रश्न दोन गटांच्या तुलनेचा असल्यामुळे त्याचे गणित वेगळे आहे. त्यासाठी मेडिकल कॉलेजच्या सामुदायिक वैद्यक विभागातील संख्याशास्त्राच्या जाणकाराजवळ सुरुवातीलाच एक तास बसा. माहिती गोळा झाल्यावर त्यांच्याकडे गेलात तर त्यांना फारसे काही करता येत नाही.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे लोक आले होते. आम्ही घरोघरी नेऊन त्यांची माणसे बसवली, शेकडो अर्ज आमच्याच हाताने भरले. नंतर कोणी आले नाही. त्यातून काय निघाले ते आजही ठाऊक नाही. बायका मला रस्त्यात विचारतात, ‘आशाताई, रक्त घेऊन गेले त्याचे काय झाले?’ पुन्हा कोणी आले तर मी मदत करावी का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले ते एक वाक्य मी अनेकदा वाचले. ते लोक निघून गेले, पण त्या बायकांना रोज तोंड दाखवायचे आहे ते तुम्हाला. तुम्ही गावात वर्षानुवर्षे जोडलेला विश्वास त्यांनी वापरला आणि परतफेड केली नाही, हे चूकच झाले. आरोग्य कर्मचारी पुढच्या वेळी संशोधनाला नको म्हणतात याचे एक मोठे कारण असा अनुभव हेच आहे, आणि याचा दोष त्यांना देता येणार नाही.

तरीही दार कायमचे बंद करू नका, असे मी सुचवेन. तुम्ही नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाता. घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याच्या या कामाची पाळेमुळे गडचिरोलीत आहेत. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना प्रशिक्षण दिले. त्यांनी घरी जाऊन बाळे तपासली, वजने घेतली, नोंदी ठेवल्या आणि जंतुदोषावर उपचार केले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभरातल्या आशांकडे आला. तुमच्यासारख्याच गावातल्या बायकांनी नीट ठेवलेल्या नोंदींतून तुमचे आजचे काम उभे राहिले आहे.

फरक इतकाच की तेथे मोजणारे आणि उत्तर वापरणारे एकाच ठिकाणी राहत होते. म्हणून पुढच्या वेळी कोणी आले, तर काम सुरू होण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर त्यांना काही गोष्टी विचारा आणि उत्तरे कागदावर घ्या. अभ्यासात भाग घेणाऱ्यांचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या नैतिक समितीची मान्यता कोठे आहे? रक्ताच्या तपासणीचा अहवाल त्या बाईला किती दिवसांत मिळेल आणि हिमोग्लोबिन कमी निघाले तर उपचार कोण करेल? आमच्या कामाचा मोबदला किती, आणि तो नेहमीच्या मानधनाखेरीज वेगळा मिळेल का? निष्कर्ष सांगायला तुम्ही गावात कोणत्या महिन्यात याल? तुम्हाला हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. केवळ अर्ज भरण्याने लेखक म्हणून नाव येत नाही, असा जगभरच्या नियतकालिकांचा नियम आहे. परंतु आभारांत नाव घालण्यास कोणाचीच आडकाठी नसते, आणि प्रश्न ठरवताना व निष्कर्षाचा अर्थ लावताना तुम्ही सामील असाल, मसुदा वाचून त्याची जबाबदारीही घेत असाल, तर लेखकांतही तुमचे नाव यायला हवे. गावातल्या बायकांना मात्र आत्ताच खरे सांगा, की मलाही कळवलेले नाही. तुमच्याबरोबर तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही त्या संस्थेला पत्र लिहून अहवाल मागावा.

प्रश्न : मी चिक्कोडी भागात वैद्यकीय अधिकारी आहे. छोट्या अभ्यासासाठीही परवानगी लागते का आणि ती कोणाची? आमच्याकडे संमतीपत्र कन्नडमध्ये असते, पण कितीतरी रुग्ण मराठी बोलणारे आहेत.

उत्तर : परवानग्या दोन आहेत आणि एकीने दुसरीची गरज भागत नाही. तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी प्रशासकीय असते. नैतिक समितीची मान्यता वेगळी, आणि ती माहिती गोळा करण्यापूर्वीच घ्यावी लागते. मागाहून ती मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ज्या संस्थेकडे स्वतःची समिती नाही तिला करार करून दुसऱ्या संस्थेची समिती वापरता येते, त्यामुळे आरोग्य केंद्राला समिती नाही ही अडचण ठरू नये. कमी जोखमीच्या अभ्यासाची छाननी जलद होते आणि काही अभ्यासांना सूटही मिळते, मात्र सूट आहे हे आपण ठरवायचे नसून समितीने ठरवायचे असते. पहिल्या उत्तरात सांगितलेली शंभर नोंदींची तपासणी ही केंद्राच्या आतली कामाची सुधारणा आहे. ती बाहेर कोठे छापायचा विचार असेल, तर आधी समितीला विचारा.

भाषेबद्दल नियम स्पष्ट आहे. माहितीपत्रक आणि संमतीपत्र त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत हवे आणि तिला वाचता येत नसेल तर ते निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यावा. कन्नड कागदावर मराठी बाईची सही घेणे म्हणजे संमती नव्हे, आणि मराठी कागदावर कन्नड बाईची सही घेणेही नव्हे. आपल्या भागात दोन्ही मसुदे पहिल्या दिवसापासून तयार असावेत.

मात्र शब्दशः भाषांतरावर विसंबू नका. अंगावरून पांढरे जाण्याला कन्नडमध्ये ‘बिळी सेरगु’ म्हणतात. सेरगु म्हणजे पदर. माझ्या केंद्रात एकदा आलेल्या प्रश्नावलीच्या मराठी मसुद्यात ‘तुम्हाला पांढरा पदर येतो का?’ असा प्रश्न छापलेला होता. आपल्याकडे पदर येणे म्हणजे मुलगी वयात येणे, त्यामुळे चार मुलांच्या आया गोंधळून ‘कधीच आला’ असे सांगत होत्या आणि भरणारी मुलगी ‘हो’वर खूण करत होती. उलट ‘अंगावरून जाते का?’ असे मोघम विचारले तर लाल आणि पांढरे एकाच रकान्यात पडते. म्हणून मराठी मसुदा दुसऱ्या एखाद्या दुभाषी माणसाकडून, मूळ कागद न दाखवता, पुन्हा कन्नडमध्ये करून घ्या आणि दोन्ही कन्नड मसुदे शेजारी ठेवून पाहा. त्यानंतर छपाईला देण्याआधी तो बाह्यरुग्ण विभागाबाहेर बाकावर बसलेल्या पाच-सहा बायकांना वाचून दाखवा, आणि ‘समजले का?’ असे न विचारता, ‘मी काय विचारले ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणा. त्या जे शब्द वापरतील तेच कागदावर घ्या.